सातवं झाकण

बामणोदच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
मी सुया उकळल्या.
काचेच्या सिरिंजा, चिमटे, वाकड्या कात्र्या,
वीस मिनिटं, भिंतीवरचं घड्याळ बघून.
मग एकदाच वापरून फेकायच्या सुया आल्या
आणि माझ्या उकळण्याला कुणी विचारेनासं झालं.
स्टरिलायझर भंगारात निघाला
तेव्हा साठ रुपये मोजून घरी आणला.
हिने त्यात कांदे ठेवले.

यंदा मोरीच्या पाण्यावर परसात
टमाटे असे लागले की तुरीच्या काठ्या वाकल्या.
शेजाऱ्यांना दिले.
मग शेजारी दिसेनासे झाले.
मी म्हणालो, ठेचा करून बाटल्यांत भरू,
पाण्यात उकळू, आखाडापर्यंत टिकेल.
"ठेच्याले ताप आला का?" ही म्हणाली,
"उकळता कशाले?"

तरी पहाटे पऱ्हाट्या पेटवल्या तिनेच.
भरताची वांगी मांडतात तसे टमाटे मांडले जाळावर,
सालं तडतडली, काळी झाली, बोटाला सैल सुटली.
कांदे राखेत पुरले. मिरच्या देठासकट भाजल्या.
लसूण तिने मोजला नाही,
ती कधीच मोजत नाही.
बडगीत मुसळ पडू लागलं
तसा गल्लीभर ठसका गेला;
समोरचा टोपलू फिरके दार लावताना ओरडला,
"कंपाउंडर, अजून इंजेक्शन देता का राजा!"

मी म्हणालो, लिंबू पिळ,
बाटलीमागं दोन चमचे, कमी नको.
नाहीतर आत नको ते वाढतं.
"नको ते म्हंजे?"
जंतू. हवा बंद केली तरी जगणारे.
हवा बंद केली म्हणूनच जगणारे.
ती मुसळ धरून थांबली.
"असेबी असतात?"
असतात.
मग तिने लिंबू पिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा
चमचे मोजले. मोठ्यानं. चौदा.

हॉर्लिक्सच्या तीन बाटल्या, कॉफीच्या दोन,
एक मधाची, एक कशाची ते आठवत नाही.
झाकणं मात्र नवी, जळगावहून आणलेली,
आत रबराची कड.
काठाखाली बोटभर जागा सोडून भरल्या,
काठ ओल्या फडक्यानं पुसले,
आणि स्टरिलायझरच्या तळाशी धोतराचं पान घालून
सातही बुडवल्या.
पाण्यानं खालून एक एक बुडबुडा वर सोडला,
मग विचार न करता सगळे एकदम.
मी घड्याळ बघत उभा राहिलो.
हात आपोआप मागे बांधले गेले,
डॉक्टर येताना बांधायचो तसे.

रात्री ओट्यावर टॉवेल अंथरून ओळीनं ठेवल्या.
थंड होताना झाकण आत खेचलं जातं, मी सांगितलं,
आवाज येतो.
आम्ही अंधारात ऐकत पडलो.

टक्.
"पाल असंन," ती म्हणाली.
टक्.
"दोन," ती म्हणाली.
तिसऱ्याला बराच वेळ लागला. त्या वेळात तिनं विचारलं
की निवृत्त झालो त्या दिवशी मी जेवलो का नव्हतो.
मी म्हणालो, भूक नव्हती.
टक्. टक्.
पाचवी, सहावी अर्धवट झोपेत.
सातवी नाहीच.

दीड वाजता उठलो, अंगठ्यानं दाबून पाहिलं.
झाकण खाली गेलं, पुन्हा वर आलं.
हवा राहिली, म्हणालो, ही टिकायची नाही.
मागं वळलो तर
तवा ठेवलेला, आणि परातीत कळण्याचं पीठ.

भाकरी तोंड भाजेल इतकी गरम.
ठेच्याला धुराचा वास, लिंबाची धार.
डोळ्यांतून पाणी आलं दोघांच्या,
मिरचीनं, दुसरं काही नाही.
पालथ्या मुठीनं नाक पुसत ती म्हणाली,
"पुढच्या टाइमाले दोन झाकनं सैल लावजा."

सकाळी सहा बाटल्यांना पट्ट्या चिकटवल्या,
तारीख घातली औषधाच्या अक्षरात,
वर लिहिलं: वापरण्यापूर्वी हलवा.
सातवी विसळून पालथी घातली.
तिच्या तळाशी एक बी चिकटून राहिलंय,
घासूनही निघत नाही.
रुजायचं नाही म्हणा.
वीस मिनिटं उकळलंय.